दोन टांक्या आणि एक कांटा

घरांत पाण्याचे दोन रांजण असले, तरी त्यांपैकीं कोणता भरलेला आणि कोणता रिकामा हें कळावयास गृहिणीला यंत्राची जरूर लागत नाहीं. ती झांकण काढून आंत पाहते. अंधार असेल तर बाहेरून बोटानें टिचकी मारते आणि आवाजावरून पाणी कोठवर आहे तें बिनचूक सांगते. परंतु भांडें जर गाडीच्या पोटाशीं बसविलेलें असेल, त्याचें तोंड वांकडें असेल आणि आंत पाण्याऐवजीं पेट्रोल असेल, तर ही सोय उरत नाहीं. मग एका कांट्याच्या साक्षीवर विश्वास ठेवावा लागतो. भांडीं दोन आणि साक्षीदार मात्र एकच, असें असलें म्हणजे काय घडूं शकतें, याचा अनुभव मला गेल्या हिंवाळ्यांत अमेरिकेंत आला. तो अनुभव आणि त्याच्या निमित्तानें जें शिकावयास मिळालें तें वाचकांपुढें ठेवावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

मॅरेथॉनच्या पुढील रस्ता

माझा पुतण्या गेलीं पंधरा वर्षें नोकरीनिमित्त टेक्सास राज्यांत राहतो. त्याला जुन्या यंत्रांचा नाद. तीन वर्षांपूर्वीं त्यानें १९७० नंतरच्या दशकांतील एक जुनी पिक-अप गाडी विकत घेतली. पुढें चालकाची खोली, तींत तिघांना बसतां येईल असें एक सलग बांक आणि मागें सामानासाठीं उघडा हौदा, असें या गाडीचें रूप असतें. अमेरिकेंतील शेतकरी, सुतार, गवंडी यांचें ती पिढ्यान्-पिढ्या वाहन आहे. पुतण्याची गाडी कोणत्या कारखान्याची हें सांगण्याचें प्रयोजन नाहीं. कारण पुढें जो दोष सांगणार आहें, तो कारखान्याचा नव्हता. मधल्या काळांत कोणीतरी केलेल्या घिसाडघाईच्या दुरुस्तीचा तो होता.

जानेवारीच्या एका संध्याकाळीं मी, पुतण्या आणि त्याची दहा वर्षांची मुलगी असे तिघे बिग बेंड नांवाचें राष्ट्रीय उद्यान पाहण्यास निघालों होतों. मेक्सिकोच्या सीमेवर रिओ ग्रांद नदीनें जें मोठें वळण घेतलें आहे, त्या वळणांत हें उद्यान वसलें आहे. उत्तरेकडून जातांना मॅरेथॉन नांवाचें लहानसें गांव लागतें. तेथून उद्यानाच्या मुख्य कचेरीपर्यंत सुमारें ७० मैलांचा रस्ता. दोन्ही बाजूंस ओसाड माळ, मधून मधून कुंपणाच्या तारा. वाटेंत पेट्रोलचा पंप नाहीं.

गाडीला दोन टांक्या होत्या, एक डावीकडे आणि एक उजवीकडे. दिवसभर आम्ही डाव्या टांकीवर आलों होतों आणि मॅरेथॉन येईतों तिचा कांटा तळाशीं टेकला होता. पुतण्यानें समोरच्या फळीवरील बटन दाबलें. कांटा हळूंच वर चढला आणि पाऊण भागावर स्थिर झाला.

"काका, उजवी टांकी पाऊण भरलेली आहे. पन्नास-पंचावन्न लिटर सहज असेल. थंडींत आतां उतरायला नको, सकाळीं उद्यानांतल्या पंपावरच भरूं," असें तो म्हणाला आणि गांवांतला पंप मागें टाकून आम्ही पुढें निघालों.

पंचवीस-तीस मैल गेलों असूं. इंजिनानें दोन-तीन वेळां आचके दिले. पुतण्यानें घाईघाईनें पुन्हां डावी टांकी लावली. तिच्या तळाशीं जें कांहीं उरलें होतें त्यावर गाडी आणखी थोडी चालली आणि मग थांबली ती थांबलीच. बाहेर काळोख, थंडी पाणी गोठण्याच्या बेताला आलेली आणि मोबाईलला रेंज नाहीं. पोरीला आम्हीं आमच्या दोघांच्या मध्यें घेतलें आणि माझी शाल तिच्या अंगावर घातली. ती समोर पाहून म्हणाली, "आजोबा, कांटा तर अजून पाऊण दाखवतोय. मग गाडी का चालत नाहीं?"

चाळीस वर्षें मुलांच्या प्रश्नांस उत्तरें देण्यांत गेलीं, परंतु त्या क्षणीं मला उत्तर देतां आलें नाहीं.

सुमारें सव्वा तासानें मागून एक गुराखी मालक आपल्या गाडींतून आला. त्याच्या हौद्यांत पांच गॅलनांचा डबा होता. त्यानें तो उजव्या टांकींत ओतला. इंजिन सुरू झालें आणि पाऊण भागावर असलेला कांटा चढून बरोबर पूर्ण भरल्याच्या खुणेवर गेला. अमेरिकेंतील गॅलन आपल्या पावणेचार लिटरांहून किंचित् मोठा असतो. टांकी वीस गॅलनांची. पांच गॅलन म्हणजे तिचा चतुर्थांश. म्हणजे रिकाम्या टांकींत चतुर्थांश पेट्रोल पडलें आणि कांटा सांगूं लागला कीं टांकी तुडुंब भरली! तो परोपकारी गृहस्थ कांट्याकडे पाहून हंसला, पैसे घेण्यास नाकारून निघून गेला, आणि आम्ही सुखरूप मुक्कामावर पोंचलों. परंतु त्या कांट्यानें माझी झोंप उडविली.

दोन टांक्या कां?

या गाड्यांना दोन टांक्या कां देत असत, हें आधीं पाहूं. अमेरिकेंतील जुन्या पिक-अप गाड्यांत पेट्रोलची टांकी बहुधा चालकाच्या खोलींतच, बैठकीच्या पाठीमागें असे. जनरल मोटर्स कंपनीच्या १९७२ सालापर्यंतच्या शेव्हरोले गाड्यांची रचना अशीच होती. पेट्रोलचा वास खोलींत येई आणि अपघातांत तो सांठा प्रवाशांच्या पाठीशींच असे. १९७३ सालीं कंपनीनें नवी रचना काढली, तींत टांकी खोलींतून काढून चासीच्या लांब तुळईच्या बाहेरच्या अंगास टांगली. घोड्याच्या खोगिराच्या दोन्ही बाजूंस जशा पडशा लोंबतात, तशा या टांक्या असल्यामुळें त्यांना खोगिरी टांक्या असें नांव पडलें. एका बाजूस टांकी बसली म्हणजे दुसऱ्या बाजूची जागा मोकळीच राही. तेव्हां गिऱ्हाइकाला हवी असल्यास तेथें दुसरीहि बसवून मिळे. लांब हौद्याच्या गाडींत दोन्ही मिळून ४० गॅलन, म्हणजे सुमारें १५१ लिटर पेट्रोल मावे.

हा सांठा अवाढव्य वाटेल, पण त्या इंजिनांची भूकहि तशीच होती. आठ सिलिंडरांच्या इंजिनाची जड गाडी एका गॅलनांत दहा-बारा मैलांहून फारशी अधिक जात नसे. त्यांत १९७३ च्या ऑक्टोबरांत अरब राष्ट्रांनीं अमेरिकेचा तेलपुरवठा रोखला. पुढील मार्चपर्यंत पंपांवर रांगा लागत आणि कित्येक पंप बंद राहत. अशा वेळीं ज्याच्या गाडीखालीं दोन टांक्या, तो शेतकरी निश्चिंत. कोठारांत धान्य असलें म्हणजे मनाला जो धीर असतो, तोच हा धीर होता.

परंतु या धीराची दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे. टांकी तुळईच्या बाहेर असल्यामुळें बाजूनें दुसरी गाडी येऊन आदळली, तर ती फुटून आग लागण्याचें भय असे. यावरून अमेरिकेंत मोठा वाद माजला. १९९२ च्या डिसेंबरांत सरकारच्या वाहनसुरक्षा खात्यानें चौकशी सुरू केली. अखेर १९९४ च्या डिसेंबरांत गाड्या परत न बोलावतां, कंपनीनें सुरक्षेच्या कामांसाठीं पांच कोटी डॉलरांहून अधिक रक्कम द्यावी अशा तडजोडीवर प्रकरण मिटलें. या वादांतील एक प्रसंग विशेष बोधक आहे. १९९२ च्या नोव्हेंबरांत एन्. बी. सी. या दूरचित्रवाणी संस्थेनें अशा गाडीला टक्कर देऊन ती पेट घेते असें दृश्य दाखविलें. पुढें असें उघडकीस आलें कीं, आग नक्की लागावी म्हणून गाडीखालीं ठिणगी पाडणारीं उपकरणें आधींच बांधून ठेवलेलीं होतीं. १९९३ च्या फेब्रुवारींत त्या संस्थेला जाहीर माफी मागावी लागली. टांकीच्या जागेविषयींचा प्रश्न खरा होता; परंतु त्यासाठीं उभा केलेला साक्षीदार बनावट होता. आपल्या कांट्याच्या गोष्टीशीं याचें नातें जवळचें आहे.

एका बटनाखालीं दोन कामें

आतां यंत्राकडे वळूं. दोन टांक्यांतून इंजिनाकडे एकच नळी जाते. त्यासाठीं मध्यें एक झडप लागते. फार जुन्या गाड्यांत ती हातानें फिरवावी लागे. पुढें ती विजेवर चालूं लागली. चालक फळीवरील बटन दाबतो, विजेच्या जोरानें झडप सरकते, एका टांकीची वाट बंद होते आणि दुसरीची उघडते. ज्या गाड्यांत इंजिनाला नको असलेलें पेट्रोल दुसऱ्या नळीनें टांकीकडे परत येतें, त्यांत या झडपेला सहा तोंडें असतात : दोन्ही टांक्यांकडून येणारीं दोन, दोन्ही टांक्यांकडे परत जाणारीं दोन, इंजिनाकडे जाणारें एक आणि तेथून येणारें एक. घेणें ज्या टांकींतून, परत करणेंहि त्याच टांकींत, हा नियम झडपेनें पाळला पाहिजे. ती अर्धवट फिरली, तर पेट्रोल एकींतून उपसलें जातें आणि उरलेलें दुसरींत जाऊन पडतें. दुसरी आधींच भरलेली असली तर तिच्या तोंडांतून पेट्रोल वाहूं लागतें. एकाकडून उसनें घेऊन दुसऱ्याला परत करणाऱ्या माणसाच्या हिशेबासारखाच हा गोंधळ.

परंतु बटनाचें एवढेंच काम नाहीं. कांटा एकच असल्यामुळें, झडप ज्या टांकीकडे वळली त्याच टांकीची तार कांट्याला जोडली गेली पाहिजे. म्हणून बटनाच्या पोटांत संपर्काच्या दोन वेगळ्या जोड्या असतात. एक जोडी झडपेला वीज देते. दुसरी कांट्याची तार या टांकीवरून त्या टांकीवर नेते. कांहीं झडपांत हें दुसरें काम झडपेच्याच पोटांत होतें, आणि ही रचना अधिक शहाणपणाची. कारण तींत झडप खरोखर फिरल्याशिवाय कांट्याची तार बदलत नाहीं. बटनांतच दोन्ही कामें असलीं, तर झडप अडकून बसली तरी कांटा मात्र आज्ञाधारकपणें बदलतो. मग इंजिन पितें डाव्या टांकींतलें आणि चालक वाचतो उजवीचा मजकूर.

कांटा काय मोजतो?

कांटा पेट्रोल मोजतो असें आपण समजतों. वस्तुतः पेट्रोलाचें त्याला कांहींच ठाऊक नसतें. टांकीच्या आंत एका दांडीच्या टोकाला एक हलका तरंगता गोळा असतो. तो पेट्रोलाबरोबर वर-खालीं होतो. दांडीचें दुसरें टोक एका बारीक तारेच्या गुंडाळीवरून घासत सरकतें. गुंडाळीचा जितका भाग मध्यें येईल, तितका विजेच्या प्रवाहास अधिक अडथळा. या अडथळ्यास शास्त्रांत रोध म्हणतात आणि त्याचें माप ओहम या एककानें करतात. टांकींतील या उपकरणाला इंग्रजींत सेंडर म्हणतात; आपण त्याला निवेदक म्हणूं. बॅटरीकडून निघालेली वीज कांट्यांतून जाते, तेथून तारेनें निवेदकांत येते, आणि निवेदकांतून गाडीच्या लोखंडी चासीमार्गें बॅटरीला परत मिळते. चासीशीं होणाऱ्या या जोडास आपले मिस्त्री अर्थ म्हणतात. कांटा मोजतो तो या सबंध वाटेवरचा रोध.

आतां किती रोध म्हणजे किती पेट्रोल, हा केवळ संकेताचा भाग आहे, आणि येथें दोन संप्रदाय आहेत. जनरल मोटर्सच्या संप्रदायांत रिकाम्या टांकीला शून्य ओहम आणि भरलेल्या टांकीला ९० ओहम. फोर्डच्या १९८६ पर्यंतच्या संप्रदायांत नेमकें उलट : रिकाम्या टांकीला सुमारें ७३ ओहम आणि भरलेल्या टांकीला सुमारें १०. पुढें १९८७ पासून फोर्डनेंहि दिशा बदलली आणि रिकाम्याला १६ व भरलेल्याला १५८ च्या आसपास असा क्रम धरला. त्यामुळें एका संप्रदायाचा निवेदक दुसऱ्या संप्रदायाच्या कांट्याला जोडला, तर टांकी भरतांना कांटा उतरूं लागतो. आणि जुन्या गाड्यांच्या दुरुस्तींत असे संकर पुष्कळ आढळतात.

कांट्यांची जातहि वेगळी. पहिल्या संप्रदायाच्या कांट्यांत एकमेकींशीं कोन करून बसविलेल्या गुंडाळ्या असतात. त्यांच्या चुंबकशक्तीच्या ओढाताणींत कांटा आपली जागा घेतो. बॅटरीचा जोर थोडा कमी-अधिक झाला तरी दोन्हींकडील ओढ सारखीच बदलते आणि कांटा विशेष ढळत नाहीं. फोर्डच्या जुन्या कांट्यांत दोन धातूंची एक जोडपट्टी असते. प्रवाहानें ती तापते, वांकते आणि कांट्याला ढकलते. म्हणून तो कांटा सावकाश चढतो. बॅटरीचा जोर बदलला तर तो चुकेल, यासाठीं फळीच्या मागें एक लहान नियामक बसवून त्याला सरासरी पांच व्होल्टच वीज देतात. पेट्रोलाचा आणि उष्णतेचा असे दोन्ही कांटे एकदमच वेडेवांकडे दाखवूं लागले, तर दोष टांकींत न शोधतां या नियामकांत शोधावा.

दोषाचा शोध

घरीं परतल्यावर पुतण्यानें गाडी अंगणांत घेतली. त्यानें हातांनीं काम केलें; मी शेजारीं बसून प्रश्न विचारले. त्याच्या गाडीचा कांटा पहिल्या संप्रदायाचा होता. प्रथम त्यानें उजव्या टांकीच्या निवेदकावरील तार सोडली. वाट तुटली, म्हणजे रोध अपार झाला. कांटा भरल्याच्या खुणेच्याहि पलीकडे गेला. मग त्यानें तीच तार चासीच्या घासून स्वच्छ केलेल्या भागाला टेकविली. रोध शून्य झाला. कांटा रिकाम्यावर आला. यावरून कांटा, बटन आणि मधली तार हीं तिन्ही निर्दोष ठरलीं. राहिला निवेदक आणि त्याचा अर्थ.

मग त्यानें रोध मोजण्याचें मीटर काढलें. टांकींत त्या वेळीं चतुर्थांश पेट्रोल होतें. निवेदकाचा स्वतःचा रोध २२ ओहमच्या आसपास निघाला, म्हणजे हिशेबाप्रमाणें अगदीं बरोबर. परंतु निवेदकाच्या अंगापासून चासीपर्यंत, जेथें रोध जवळजवळ शून्य असावयास हवा, तेथें मीटर ६६-६७ दाखवूं लागलें. पुतण्या गाडीखालीं शिरला. कोणा पूर्वीच्या मालकानें गंज झांकण्यासाठीं चासीला जाड काळा रंग दिला होता आणि अर्थची तार त्या रंगावरच स्क्रूनें आवळली होती. स्क्रूच्या आट्यांतून जो काय गंजका संपर्क उरला होता, तेवढ्यावर वीज कशीबशी ये-जा करीत होती. तारेच्या बुडचा रंग खरवडून, लोखंड लख्ख करून ती पुन्हां बसविली, तोंच कांटा पूर्णावरून खालीं येऊन चतुर्थांशावर थांबला. साऱ्या दुरुस्तीला लागला तो कांचकागदाचा एक तुकडा.

आतां सगळा उलगडा झाला. निवेदक शून्य म्हणत होता आणि त्यांत गंजाचे सदुसष्ट मिळून कांटा पाऊण वाचत होता. पांच गॅलन ओतल्यावर बावीस आणि सदुसष्ट मिळून एकोणनव्वद झाले. कांटा पूर्णावर गेला. पुतण्यानें कपाळावर हात मारला. तो म्हणाला, "काका, मला वाटे, ही उजवी टांकी फार पुरते. कितीहि गाडी चालवा, कांटा भरल्यावरच. मित्रांना मी कौतुकानें सांगत असें." खरें होतें, टांकी चतुर्थांशावर येईपर्यंत कांटा पूर्णाखालीं उतरतच नव्हता, आणि ती पार आटली तरी पाऊणाखालीं उतरणें त्याला शक्यच नव्हतें.

खोटी श्रीमंती आणि खोटी गरिबी

आमच्या न्यायशास्त्रांत प्रत्यक्ष आणि अनुमान हीं निरनिराळीं प्रमाणें मानलीं आहेत. रांजणांत डोकावणें हें प्रत्यक्ष. कांटा पाहणें हें अनुमान. डोंगरावर धूर पाहून आपण अग्नि आहे असें म्हणतों, कारण जेथें धूर तेथें अग्नि असें नित्य साहचर्य आपण मानलेलें असतें. त्याचप्रमाणें, जेथें अधिक रोध तेथें अधिक पेट्रोल, असें साहचर्य गृहीत धरून कांटा बोलतो. परंतु या साहचर्याला एक छुपी अट आहे : रोध निवेदकांतलाच असला पाहिजे, वाटेंतला नव्हे. अशा छुप्या अटीला नैयायिक उपाधि म्हणतात, आणि ती दृष्टिआड झाली म्हणजे अनुमान फसतें. हें मी मुलांना वर्षानुवर्षें शिकवीत आलों. परंतु त्याचा खरा अर्थ टेक्सासच्या माळावर थंडींत कुडकुडतांना कळला.

येथें एक गोष्ट विशेष लक्षांत घेण्यासारखी आहे. हाच गंज, हाच रंग, हेच सदुसष्ट ओहम जर फोर्डच्या जुन्या संप्रदायाच्या गाडींत असते, तर काय झालें असतें? तेथें अधिक रोध म्हणजे कमी पेट्रोल. भरलेल्या टांकीचे दहा आणि गंजाचे सदुसष्ट मिळून सत्त्याहत्तर. म्हणजे तुडुंब टांकीहि कांट्यानें रिकामी दाखविली असती. तार पार तुटली असती, तरी कांटा रिकाम्यावरच पडून राहिला असता. चालक चिडला असता, पंपावर फुकट थांबला असता, पण काळोखांत अडकला नसता. पहिल्या संप्रदायांत जीर्णतेनें खोटी श्रीमंती दिसते, दुसऱ्यांत खोटी गरिबी. खोट्या गरिबीनें माणूस फार तर कंजूष होतो. खोट्या श्रीमंतीनें तो घरच्या लेंकरासह रस्त्यावर येतो.

याचा अर्थ दुसरा संप्रदाय सर्वस्वीं निर्दोष असा नव्हे. त्यांत तारेवरचें आवरण फाटून ती चासीला टेकली, तर रोध नाहींसा होऊन कांटा टांकी भरल्याचें सांगूं लागतो. परंतु जुन्या गाडींत तार टेकण्यापेक्षां जोड गंजणें हा प्रकार फार अधिक घडतो. म्हणून जुनी गाडी बाळगणारानें आपला कांटा बिघडला असतां कोणत्या दिशेनें खोटें बोलेल, हें आधीं जाणून घ्यावें. जो नोकर चुकून नेहमीं कमीच सांगतो, त्याच्यावर घर चालवितां येतें. चुकून नेहमीं जास्त सांगणाऱ्यावर येत नाहीं.

कांहीं सूचना

ज्यांचे मुलगे-पुतणे परदेशीं अशा जुन्या गाड्यांच्या नादीं लागले आहेत, त्यांच्यासाठीं पुतण्याच्या अनुभवांतील दोन-चार गोष्टी सांगतों. टांकी काढण्याचा खटाटोप करण्यापूर्वीं अर्थची तार पाहावी. कारण टांकी काढणें म्हणजे दिवसभराचें काम आणि पेट्रोलाशीं खेळ, तर तार पाहणें म्हणजे घटकाभराचें काम. दोन टांक्यांचा एक मोठा लाभ असा कीं, एक बिघडली तर दुसरी तुलनेला मिळते. दोन्ही टांक्यांवर कांटा चुकत असेल, तर दोष कांट्यांत, बटनांत किंवा दोहोंच्या सामायिक तारेंत. एकीवरच चुकत असेल, तर त्या टांकीच्या निवेदकांत, तारेंत किंवा अर्थांत. जोडपट्टीच्या कांट्याची तार तपासतांना चासीला क्षणभरच टेकवावी. अधिक वेळ धरल्यास कांटा तापून निकामी होतो. बॅटरीची तार थेट निवेदकाला कधींहि लावूं नये. आंत पेट्रोलाची वाफ असते, आणि एक ठिणगी पुरे होते. टांकीजवळ कोणतेंहि साधन चालविण्यापूर्वीं बॅटरी सोडून ठेवावी.

दोन्ही टांक्या आळीपाळीनें वापराव्या. एक राखीव म्हणून महिनोन् महिने ठेवली, तर पेट्रोल शिळें होतें. आणि आजकाल अमेरिकेंत बहुतेक पेट्रोलांत दहा टक्क्यांपर्यंत जें मद्यार्क मिसळलेलें असतें, तें हवेंतील पाणी ओढून घेतें, त्यामुळें टांकी आंतून गंजते. ठेव म्हणून ज्याच्याकडे कधीं पाहिलेंच नाहीं, त्या ठेवीची हीच गत होते.

दोन टांक्यांचे ते दिवस आतां गेले. जनरल मोटर्सनें १९८८ च्या नव्या रचनेच्या गाड्यांत टांकी तुळयांच्या आंत घेतली. पुढें एकाच मोठ्या टांकीचा प्रघात पडला आणि जुन्या खोगिरी टांक्या हौशी लोकांच्या अंगणांत उरल्या.

पुतण्याच्या गाडींत आतां दोन्ही टांक्यांचा कांटा खरें बोलतो. तरी त्यानें एक वही ठेवली आहे. टांकी भरली कीं मैलांचा आंकडा, किती गॅलन घातलें आणि कोणत्या टांकींत, हें त्याची मुलगी तींत लिहिते. वांकड्या तोंडाच्या टांकींत काठी घालून पाहतां येत नाहीं. तेव्हां प्रत्यक्षाच्या जागीं दुसरें एक स्वतंत्र अनुमान उभें केलें, एवढेंच. मी परत निघालों, त्या दिवशीं विमानतळाकडे जातांना तिनें वही उघडली, कांट्याकडे पाहिलें, मनाशीं भागाकार केला आणि म्हणाली, "बाबा, कांटा अर्धा म्हणतो आणि माझी वहीहि अर्धाच म्हणते. चला."

त्या रात्रीं तिनें विचारलेल्या प्रश्नाचें उत्तर मला देतां आलें नव्हतें. तें तिनें स्वतःच शोधलें होतें.